घरची वेगळी, होस्टेलची वेगळी: यातली आमची मुलगी कोणती?

प्रश्न: मुलगी पुण्यात होस्टेलवर राहून इंजिनिअरिंग करते, दुसरं वर्ष. आम्ही वाशीम जिल्ह्यात राहतो. घरी असली की शांत, कामाला हात लावणारी, मोठ्यांसमोर आवाज न चढवणारी. मागच्या आठवड्यात तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचा व्हिडिओ माझ्या बहिणीच्या मुलानं घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात ही खुर्चीवर चढून ओरडतेय, हिंदीत बोलतेय, एक-दोन शिव्याही आहेत. तिच्या बाबांनी दोन दिवस तिचा फोन उचलला नाही. इतकी वर्षं ती आमच्यासमोर नाटक करत होती का? खरी कोणती समजायची?

उत्तर:

ताई, व्हिडिओत तुम्ही लिहिलंय तेवढंच असेल, तर आधी दोन कामं करा. भाच्याला तो व्हिडिओ ग्रुपवरून काढायला लावा आणि तिच्या बाबांना फोन उचलायला सांगा. बाकीचं सावकाश बोलू.

मी एकोणीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. दिवसा कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी सातला हजेरीचं रजिस्टर घेऊन होस्टेलच्या दारात बसायचे. वर्गात दिसते ती मुलगी एक. मेसच्या रांगेत दुसरी, रात्री साडेदहाला कॉरिडॉरमध्ये फोनवर तिसरी, आणि रविवारी घरची माणसं भेटायला आली की चौथी. शिक्षकांना पहिली दिसते, तुम्हाला चौथी. रेक्टरला चारही दिसतात, बघायच्या नसल्या तरी.

तिसऱ्या मजल्यावर वॉटर कूलरजवळ मोबाइलला रेंज चांगली यायची, म्हणून सगळ्यांचे फोन तिथेच. एकदा मी कूलर बिघडल्याची तक्रार आली म्हणून तिथे उभी होते. तुमच्याच भागातली एक मुलगी भिंतीला टेकून घरी बोलत होती. “जेवली मी. अभ्यास करून राह्यली. तू काहून जागी हायेस अजून?” आवाज हळू, जरा लाडातला. फोन ठेवला आणि पंधरा सेकंदांत दुसरा लावला, प्रोजेक्टमधल्या मुलाला. “अरे पीपीटी का क्या हुआ? तेरेसे नहीं होता तो मेरेको भेज, मैं करती.” हा आवाज जाड, कमरेवर हात. मग तिसरा फोन आला, शाळेतल्या मैत्रिणीचा. ती खाली बसली, गुडघे जवळ घेतले, आणि बराच वेळ नुसतं “हं... हं... मग?” एवढंच. तेवढ्यात मी दिसले. ताडकन उठून, “गुड ईव्हनिंग मॅम.” हा चौथा आवाज खास माझ्यासाठी राखलेला. वीस मिनिटांत चार मुली झाल्या, आणि यातलं खोटं म्हणावं असं एकच वाक्य होतं, ‘अभ्यास करून राह्यली’. ते तर तिच्या आईलाही ठाऊक असणार.

व्हिडिओ कॉलची गंमत आणखी वेगळी. नाइट ड्रेसच्या टी-शर्टवर ओढणी यायची. मागच्या दोरीवरची मैत्रिणीची शॉर्ट्स कॅमेऱ्याबाहेर सरकायची. रूममेटला खूण व्हायची की आता दहा मिनिटं गाणी बंद. अख्खी खोली मिळून एका मुलीचं घर सांभाळायची, आणि उद्या दुसरीचं.

आता तुम्ही म्हणाल, हेच ते नाटक. तर तुमच्या पत्राकडेच बघा. पत्र तुम्ही छान प्रमाण मराठीत लिहिलंय. घरात तुम्ही अशा बोलत नसणार. अनोळखी बाईला लिहायचं म्हणून भाषा बदललीत, त्याला तुम्ही नाटक म्हणाल का? आणि माहेरी गेल्यावर? मी माझंच सांगते. सासरी मी पहाटे साडेपाचला आंघोळ करून ओट्यापाशी उभी असायचे. माहेरी नऊपर्यंत अंथरुणात, आणि चहा आईनं हातात आणून दिला नाही तर रुसायचे. माझ्या सासूबाईंनी मला माहेरी असताना पाहिलं असतं तर त्यांनीही एखाद्या मॅडमना पत्र लिहिलं असतं.

अर्व्हिंग गॉफमन नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले. १९४९ ते १९५१ या काळात ते स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर राहून माणसं न्याहाळत होते. तिथल्या एका छोट्या हॉटेलातलं त्यांचं निरीक्षण मी दरवर्षी वर्गात सांगायचे. हॉटेल चालवणारं जोडपं मूळचं बेटावरच्या शेतकऱ्यांतलं. पाहुण्यांसमोर त्यांचं वागणं शहरी, टापटिपीचं. स्वयंपाकघरात मात्र खाणंपिणं, बोलणं-बसणं सगळं बेटावरच्या पद्धतीचं. भांडण व्हायचं ते मधल्या दारावरून. वाढणाऱ्या मुलींना ते उघडं हवं असायचं, ट्रे घेऊन सारखी ये-जा करायची म्हणून. मालकांना बंद हवं असायचं, आतलं पाहुण्यांना दिसू नये म्हणून. एकोणीस वर्षांत माझ्यासमोर आलेल्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ मला या दारातच सापडलं. मुलगी कशी वागते यावरून भांडण क्वचितच झालं. दार कुणी, कुणासमोर, तिला न विचारता उघडलं, यावरून मात्र खूप वेळा झालं. तुमच्याकडे ते भाच्यानं उघडलं.

माझ्याकडूनही एकदा उघडलं गेलंय. रेक्टर होऊन मला दुसरंच वर्ष होतं. गॅदरिंगला एका मुलीनं लावणी केली होती. काय नाचली! मागच्या बाकांवरची मुलं खुर्च्यांवर उभी राहिली होती, पण एकाचीही शिट्टी वाकडी नव्हती, इतकं ते नेटकं होतं. पुढच्या रविवारी तिचे वडील गूळ आणि शेंगा घेऊन आले. मी गेटपाशीच त्यांना म्हटलं, “तुमच्या मुलीनं यंदा गॅदरिंग गाजवलं बरं का! लावणी काय केली!” ते नुसतं “अस्सं” म्हणाले. पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मुलगी जिन्यावरून धावत येत होती, ती मधल्या पायरीवरच थांबली. तिच्या तोंडावरचं तेव्हाचं सगळं मला अजून दिसतं. आरडाओरडा झाला नाही, कॉलेज सुटलं नाही. पण पुढच्या वर्षी तिनं गॅदरिंगला नाव दिलं नाही, एनएसएसच्या कॅम्पलाही नाही, आणि माझ्याशी ती पदवी घेईपर्यंत “हो मॅडम” आणि “नाही मॅडम” यापलीकडे बोलली नाही. मला वाटलं होतं मी तिचं कौतुक करतेय. तेव्हापासून एक नियम केला: एका ठिकाणी पाहिलेलं दुसऱ्या ठिकाणी सांगायचं नाही, कौतुक असलं तरी नाही. आधी तिला विचारायचं, “घरी सांगू का?”

तुम्हाला वाटेल, इतकं लपवण्यासारखं असतंच का? असतं, आणि ते दर वेळी वाईट असतं असं नाही. आमच्याकडे लपवायची वस्तूसुद्धा माणूस बघून ठरायची. घरच्यांपासून जीन्स आणि फोटो. माझ्यापासून इलेक्ट्रिक केटल, कारण खोलीत केटल वापरायला बंदी होती. आणि ती केटल आणून देणारे कोण, तर आईवडीलच. साडीच्या घडीत गुंडाळलेली केटल मी स्वतः पकडलीय. त्या क्षणी माय-लेक एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला होते. नंतर त्याच आईनं मला विचारलं, “मॅडम, ही काही लपवत तर नाही ना आमच्यापासून?”

पण काही लपवणं हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. काही मुली पहिल्या दिवशी नाव विचारलं की फक्त नाव सांगतात, किंवा नाव आणि वडिलांचं नाव. आडनाव गिळतात. आपल्याकडे “पूर्ण नाव सांग” या वाक्यात पुष्कळ वेळा दुसराच प्रश्न दडलेला असतो, आणि तो या मुलींना लहानपणापासून ऐकू येतो. आमच्या वसतिगृहात पूर्वी स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी मेसमध्ये नावं पुकारायचे. कारकुनाच्या दृष्टीनं ती सोय होती. एका मुलीला मी त्या दिवशी अर्धं ताट टाकून उठताना पाहिलं. त्या मेसमध्ये वर्षभर ती फक्त हुशार, कॅरम चांगला खेळणारी मुलगी होती, आणि एका यादीनं तिची ती ओळख पुसली. पुढच्या वेळेपासून यादी पुकारणं बंद केलं, एकेकीला ऑफिसात बोलावून सांगायला लागलो. अशा मुलीला “मोकळी हो, जशी आहेस तशी राहा” असा उपदेश करणाऱ्यांचा मला राग येतो. तिनं कुठे मोकळं व्हावं हे इतरांच्या वागण्यावर अवलंबून आहे.

भाषेचंही तसंच. पहिल्या सेमिस्टरला ‘पानी’ म्हटलं म्हणून वर्गात कुणीतरी हसतं, आणि मुलगी महिनाभर तोंड उघडत नाही. उघडते तेव्हा पुण्याचं मराठी बोलायला लागलेली असते, नाहीतर सरळ हिंदी. हिंदीचं कारण पुष्कळ आईवडिलांना कळत नाही. हिंदीत कुणाचंच गाव ओळखू येत नाही, म्हणून ती सोयीची. मग दिवाळीत घरी गेल्यावर आजी म्हणते, “लय शिकली वं, आता आमचं बोलनं जमत नाही तुले.” दोन्हीकडून मार. नॉर्वेत हेमनेसबर्गेट नावाच्या छोट्या गावात ब्लोम आणि गम्पर्झ या अभ्यासकांनी गप्पा रेकॉर्ड केल्या होत्या. १९७२ साली तो अभ्यास छापून आला. बाहेरगावी विद्यापीठात शिकून सुट्टीला घरी आलेली मुलं म्हणत होती, आम्ही गावचीच बोली बोलतो. टेपमध्ये मात्र मधूनमधून प्रमाण भाषा डोकावत होती. त्यांना ती टेप ऐकवली तेव्हा त्यांना ते रुचलं नाही. बदल आपल्यात होतोय हे त्यांचं त्यांनाच कळलेलं नव्हतं. तुमच्या मुलीचं हिंदीही बहुधा असंच आलंय, कुणी ठरवून आणलेलं नाही.

वयाचाही यात भाग आहे. सुझन हार्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सातवी, नववी आणि अकरावीच्या मुलांना लिहायला लावलं होतं, की मी आईवडिलांजवळ कशी, मित्रमैत्रिणींत कशी, वर्गात कशी, आणि जिच्यावर किंवा ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्यासमोर कशी. मग त्यातले एकमेकांच्या विरुद्ध जाणारे गुण शोधायचे, आणि कोणते आत भांडतात ते दाखवायचं. सगळ्यात जास्त भांडणं नववीच्या मुलांत निघाली. सातवीच्यांना विरोध फारसा जाणवतच नव्हता. अकरावीच्यांना जाणवत होता, पण ती त्याचा अर्थ लावायला शिकली होती. ‘मी माणूस बघून बोलते’ हे त्यांना दोषासारखं वाटत नव्हतं.

हा खेळ मी होस्टेलात नव्या मुलींबरोबर दरवर्षी खेळायचे, जरा सोपा करून. कागदाचे चार भाग: घर, वर्ग, रूम, आणि चौथा मोकळा, ज्याला त्या स्वतः नाव देतील. नावं लिहायची नाहीत, कागद माझ्याकडे द्यायचा नाही, वाटलं तर मोठ्यानं वाचायचं. घराच्या भागात ‘शांत’ हा शब्द इतका यायचा की मला हसू यायचं. अख्ख्या महाराष्ट्रात इतकी शांत घरं असतील तर पोलिसांना कामच उरणार नाही. चौथ्या भागाला मुली काय नाव देतात त्यावर माझं लक्ष असायचं. ‘गच्ची’. ‘मामाचं गाव’. ‘बसमधली खिडकी’. एकीनं ‘क्लोज फ्रेंड्स’ लिहिलं. इन्स्टाग्रामवर २०१८ पासून ती सोय आहे, आपण निवडू तेवढ्याच माणसांना स्टोरी दिसते. तिच्या भागात लिहिलेलं होतं: ‘इथे मी रडते.’ साडेतीनशे फॉलोअर, आणि रडायला अकरा जणी. व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्येही तुमचं नाव ‘हे सोडून’च्या यादीत असेल, ताई. वाईट वाटून घेऊ नका. त्याच यादीत पुढच्या वर्षी तिचे मित्रही जातील.

ज्या कागदाचा चौथा भाग कोरा राहायचा, त्या मुलीला मी आठवडाभरात काहीतरी निमित्त काढून चहाला बोलवायचे.

कारण काळजी तिथे करायची असते. एक प्रसंग सांगते, खुणा बदलून. तिसऱ्या वर्षाची म्हणून राहणारी एक मुलगी. घरी तसं सांगितलेलं, गावात तसं सांगितलेलं. प्रत्यक्षात तिला वायडी लागली होती, वर्ष वाया गेलं होतं, आणि ती दुसऱ्या वर्षाचे राहिलेले विषय सोडवत होती. तिच्या बोलण्यावरून कुणालाच शंका आली नसती. घरी आणि इथे एकसारखीच बोलायची, जपून. मला खटकल्या त्या बारीक गोष्टी. दिवाळीला ‘सबमिशन आहे’ म्हणून घरी गेली नाही. मैत्रिणी फोटो काढायला लागल्या की पाणी प्यायला उठायची. रात्री दोनला दिवा, सकाळी अकराला पडदा. आणि कुठेच सैल बसलेली दिसायची नाही. मेसमध्येही खुर्चीच्या टोकावर.

मी सरळ विचारलं नाही. दोन-तीनदा चहा झाला. चौथ्या वेळी तिनंच सांगितलं, आणि पहिलं वाक्य काय म्हणाली, तर “फीचे पैसे मी खर्च केले नाहीत, मॅडम.” वडिलांनी पाठवलेले पैसे खात्यात जसेच्या तसे होते. ती पासबुक घेऊन आली होती. घरी सांगायला मी तिला आठ दिवस दिले, आणि त्या आठ दिवसांत मी फोन करणार नाही असा शब्द दिला. सहाव्या दिवशी तिनं माझ्या खोलीत बसून मामाला फोन केला. मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “जेवलीस का?” पुढे घरी जे व्हायचं ते झालं, सोपं नव्हतं. पण त्या रात्री ती दहाला झोपली, हे मला तिच्या रूममेटनं येऊन सांगितलं.

म्हणजे बघा, भाषा बदलते, कपडे बदलतात, आवाज चढतो, यानं घाबरू नका. एखादी मोठी गोष्ट दडपण्यासाठी सगळीकडे पहारा द्यावा लागतोय का, ते बघा. झोप, खाणं, पैसा, घरी यायची टाळाटाळ, हे बोलतं. आणखी एक: तिचं रूप दुसरंच कुणी ठरवतंय का. एखादा मुलगा किंवा मैत्रीणही असेल, फोनचा पासवर्ड मागते, कुणाशी बोलायचं ते ठरवते, आणि मुलगी त्या एका माणसासमोर जास्तच आक्रसते. तिथे मात्र दाराबाहेर थांबू नका. तिला बोलायला तुमच्याशिवाय कुणी हवं असेल तर टेलिमानस आहे, १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

तुमच्या व्हिडिओत मला असं काही दिसत नाही. एक मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला खुर्चीवर चढून ओरडतेय. शिव्यांचं म्हणाल, तर होस्टेलात शिवी म्हणजे बऱ्याचदा ‘गं’ किंवा ‘अगं’ला पर्यायी शब्द असतो, मला आवडत नाही, पण मी त्यावरून कुणाचं घर उठवलं नसतं. उलट मला विचाराल तर खुर्चीवर चढणारी मुलगी पाहून मला बरं वाटलं. तिचा चौथा भाग कोरा नाही.

तिला व्हिडिओबद्दल सांगायचं की नाही? सांगा. ग्रुपवर पंचवीस नातेवाईक आहेत, तिला आज ना उद्या कळणारच, आणि तुमच्याकडून कळलेलं बरं. पण चौकशीच्या सुरात नको. “व्हिडिओ ग्रुपवर आला होता. तो काढायला लावलाय. केक कुठला होता?” एवढंच म्हणा. ती आधी गप्प बसेल. मग घाईघाईत खुलासे देईल, ते ऐकून घ्या, पण मागू नका. “खरी तू कोणती?” हा प्रश्न चुकूनही विचारू नका. एकोणिसाव्या वर्षी याचं उत्तर कुणाकडेच नसतं, आणि आईनं विचारलं की मूल तिला आवडेल तेच उत्तर देतं. मग तुम्हाला आणखी एक नवीन मुलगी बघायला मिळेल, फक्त त्या उत्तरासाठी तयार केलेली.

बाबांचं जरा अवघड आहे, मला कल्पना आहे. त्यांना व्हिडिओ समजावत बसू नका. ते त्यांच्या मित्रांत, पानटपरीवर किंवा बाजार समितीत कसे बोलतात ते तुम्हाला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ठाऊक असेलच. तेवढी एक आठवण करून दिलीत तर पुरेल, तीही चारचौघांत नको.

ती दिवाळीत घरी येईल तेव्हा पहिले दोन दिवस पुण्याचंच बोलेल, वाक्यागणिक ‘ॲक्च्युअली’ येईल, आजीला नीट कळणार नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी ‘काहून’ ऐकू येईल. त्यावर हसू नका, “बघ, आली लायनीवर” असंही म्हणू नका. आणि परत निघताना ती केटल मागेल. जुन्या साडीत गुंडाळून द्या. रेक्टरला मी काही सांगणार नाही.